एका दाताचं सलगम

…आणि वर मलाच विचारतो, "का गं ओर्ला, आवडला नाही का तुला?" अहो, आवडायचा प्रश्न येतोच कुठे! दारात बारा फुटी सांगाडा उभा केलाय, नवराच तो माझा, विचारून थोडाच करणार, आणि त्या सांगाड्याचा एक हात थेट आमच्या वरच्या न्हाणीघराच्या खिडकीशी. मी सकाळी दात घासायला उभी, डोळेसुद्धा धड उघडले नव्हते, आणि काचेवर टक टक टक… बघते तर पाच बोटं! हाडांची! वाऱ्यानं हलतायत! पेस्ट गिळली मी. सगळी. आणि हा खालून अंगणातून ओरडतोय, "आवडला का?"

तुम्हाला सांगते, माणूस वाईट नाही आमचा कॉर्मॅक. वर्षाचे अकरा महिने इतका गरीब, की घरातला बल्ब गेला तर म्हणेल, "असू दे, होईल सवय." पण ऑक्टोबर लागला की त्याच्या अंगात येतं. हॅलोवीन! शिडी काढतो, वायरी काढतो, माळ्यावरची खोकी धडाधड खाली टाकतो. पंख्यावर फुगणारं एक भूत आहे, ते दिवसभर घुर्र घुर्र करतं, घोरणाऱ्या माणसासारखं. जांभळे दिवे आहेत. धूर सोडायचं यंत्र आहे. दारातल्या पायपुसण्याखाली त्यानं काय बसवलंय देव जाणे, पाय पडला की बाई किंचाळते. पोस्टमन दोनदा कुंपणावरूनच पत्रं फेकून गेला. आणि एवढ्या वायरी सगळ्या उघड्यावर, पावसात! आमच्या या लीट्रिम जिल्ह्यात पाऊस येत नाही हो, तो असतोच. मी दर तासाला बाहेर जाऊन वायरींना हात लावून बघते, गरम झाल्यात का. हात लावायचा नसतो, माहितेय मला. पण लावल्याशिवाय कळणार कसं?

पण ते राहू दे. सांगाडा राहू दे, वायरी राहू देत, किंचाळणारी बाईसुद्धा राहू दे. माझं म्हणणं एवढंच होतं… या सगळ्या जत्रेत आई घर ओळखणार कसं?

माझी आई हो. असम्प्टा. फेब्रुवारीत गेली. झोपेतच गेली, कुणाला काही करायला न लावता, तिचा स्वभावच तसा. म्हणजे हा तिचा पहिला हॅलोवीन… तिकडून पहिला. आणि या संध्याकाळी आपली गेलेली माणसं घरी येतात, हे काय मी नव्यानं काढलंय? दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी घालायची नाही. बटाटा-कोबी कालवून त्याची एक ताटली मांडायची, मधे लोण्याचं तळं करून. एक खुर्ची रिकामी. आणि खिडकीत कोरलेलं सलगम, आत मेणबत्ती लावून. आई तिच्या आईसाठी करायची, तिची आई तिच्या आईसाठी. आता माझी पाळी आली, तर माझ्या खिडकीत काय? एक हिरवी चेटकीण, बटण दाबलं की खी खी हसणारी!

तुम्ही म्हणाल, आई ती, ओळखेल की लेकीचं घर. हां! इथेच तर सगळी गोम आहे. आमच्या कॉलनीत चव्वेचाळीस घरं. सगळी एका साच्यातून काढलेली, तीच करडी भिंत, तेच पांढरं दार, तीच बुटकी कुंपणं. आणि आई जिवंतपणी, डोळ्यांवर चष्मा, ढळढळीत दिवसाउजेडी, दर गुरुवारी बसनं यायची आणि दर गुरुवारी चुकायची! बसमधून उतरलं की डावीकडे आमचं घर, उजवीकडे, रस्त्यापलीकडे, शेजारीण डिम्फनाचं. बाई सरळ उजवीकडे! डिम्फनाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, चहा प्यायची, आणि चांगली चाळीस मिनिटांनी रस्ता ओलांडून आमच्याकडे, पुदिन्याची गोळी चघळत… "अगं बाई, पुन्हा चुकले बघ!" सहा वर्षं हो! दर गुरुवारी!

मी काय कमी उपाय केले? म्हटलं, "आई, दार हिरवं रंगवून घेऊ का?" "नको गं पोरी, बरं दिसणार नाही." म्हटलं, "बसपाशी घ्यायला येऊ का?" "नको नको नको! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तिला. तिथे सगळ्यात खालची ओळ, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आईनं घडाघडा वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मी डॉक्टरला म्हटलं, "पुन्हा तपासा." डॉक्टर म्हणाला, "बाई, यांचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत." घरी येताना मला रडू फुटलं. डोळे नाहीत, म्हणजे मग डोकंच… असं काहीबाही मनात. मी तशीच आहे. माझ्या मनाला एक फट सापडली की तिथून सगळं आभाळ आत येतं.

फक्त हॅलोवीनला नाही चुकायची. त्या दिवशी मी खिडकीत सलगम ठेवायची ना! तिनंच आदल्या गुरुवारी आणून, बसून कोरून दिलेलं. बसमधून उतरली की खिडकीतला तो पिवळा डोळा बघून बरोबर डावीकडे. म्हणून म्हणते, जिवंतपणी ही तऱ्हा, मग आता अंधारात, धुरात, बारा फुटी सांगाड्याच्या तंगड्यांमधून वाट काढत… आई घर ओळखणार कसं?

तुम्ही कधी सलगम कोरलंय? भोपळा नव्हे हो! भोपळा काय, लोणी. पोरसुद्धा कोरेल. सलगम म्हणजे दगड. तळ्याकाठच्या आमच्या घरात आई चुलीपुढे बसायची, मांडीत हे एवढं जांभळं सलगम, हातात मोठा चमचा, आणि खरवड खरवड खरवड… तास तास. आम्ही पाच भावंडं भोवती बसून पडलेला कीस कच्चाच खायचो, आणि दर वर्षी निदान एक चमचा वाकायचा. तो चमचा सरळ करायचा नाही, तसाच ड्रॉवरमध्ये ठेवायचा. आमच्या ड्रॉवरमधले सगळे चमचे नमस्कार केल्यासारखे! मग डोळे दोन, नाक तिरकं, आणि तोंडात दात एकच. खाली डावीकडे. एकदा सुरी घसरली आणि बाकीचे दात गेले, एकच राहिला. तेव्हापासून आमच्या घरच्या सलगमाला दात एकच. आत मेणबत्तीचा तुकडा, वर सलगमाचंच झाकण. मग ते झाकण करपायचं… त्याचा तो वास! जळका, गोडसर, ओल्या मातीचा. कुणी म्हणेल घाण वास. मला अजून कुठे तो वास आला, तर मी सात वर्षांची होते.

आणि मग आम्ही निघायचो. वेषबिष काही विकत नाही. बाबांचा कोट उलटा घालायचा, आईचा पडदा डोक्यावरून, तोंडाला चुलीची काजळी. घराघरात जायचं आणि तोंड उघडायचं नाही, घरच्यांनी ओळखायचं कोण ते. हीच तर गंमत! नाही ओळखलं तर शेंगा दुप्पट. तळ्यापलीकडची पोरं आमच्याकडे यायची आणि आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही, खाली बघायची. बूट बघायची! "तू मॅकगव्हर्नांचा मधला. आणि तू रे, भावाचे बूट घातलेस, लेस तुझीच आहे." एकदा म्हणून चुकली नाही. अशी बाई! दोनशे पोरं बुटांवरून ओळखणारी बाई, आणि लेकीचं घर…

असो. तर मी सलगम आणलं. पहिलं. बाजारातून, चांगलं डोक्याएवढं. दोन तास खरवडलं, अंगठा कापला, तीन चमचे वाकले. दात काढला, एकच, खाली डावीकडे. खिडकीत ठेवलं, हात धुवायला आत गेले, परत येते तर खिडकीत चेटकीण! "सलगम कुठंय?" कॉर्मॅक म्हणतो, "अगं, किती बारकं दिसत होतं ते. मागच्या ओट्यावर ठेवलंय. लोक म्हणतील भाजी विसरली खिडकीत." मागच्या ओट्यावर जाते… ओटा रिकामा! आणि स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई, फिलोमीना, पातेल्यात काहीतरी घोटतायत. लोणी घालून. मिरपूड घालून.

म्हटलं, "फिलोमीना… ते कुठलं सलगम?"

"बाहेर पडलं होतं गं. कुणीतरी कुरतडलेलं. घूस असेल. मी तेवढा भाग काढला."

दातसुद्धा खाल्ला हो आमचा! आणि वर म्हणतात, "मीठ कमी पडलंय."

आता सासूबाईंची तऱ्हा वेगळीच. त्यांना यातलं काहीच नको. सांगाडा नको, चेटकीण नको, माझं सलगमही नको. "एक तारखेला सगळ्या संतांचा दिवस, आणि तुम्ही आदल्या संध्याकाळी सैतानाला जेवायला बोलावता!" असं म्हणत बाटलीतलं पवित्र पाणी घेऊन त्या अंगणात शिंपडत फिरल्या… वायरींवर! मी धावत जाऊन बटण बंद केलं! मग लव्हाळ्याचा विणलेला क्रूस आणून सांगाड्याच्या बरगडीत अडकवला. आणि आमची लेक कीवा, पाच वर्षांची, तिला सगळं गुलाबी हवं. तिनं स्टुलावर चढून सांगाड्याच्या पायाच्या नखांना माझं नेलपॉलिश लावलं. म्हणजे आता बघा, बारा फूट उंच, बरगडीत क्रूस, नखं गुलाबी! आणि समोर आमच्या डिम्फनाबाई. विधवा, एकट्या, पण घर असं, की मासिकात छापावं. त्यांच्या दारात भोपळेसुद्धा पांढरे. पांढरे! पायरीवर तीन, मोठा, मधला, लहान, शेजारी वाळवलेल्या फुलांचा गुच्छ, आणि एक कंदील, तोही लाजत जळणारा. आमच्या अंगणाकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो. खूपच… आहे." पुढे शब्दच सापडला नाही त्यांना!

पण तुम्हीच सांगा, या चार तऱ्हांमध्ये, आई घर ओळखणार कसं?

मी दुसरं सलगम आणलं. हॅलोवीनच्या दिवशी सकाळी, दुकानातलं शेवटचं. पुन्हा खरवडलं, उरलेला अंगठा कापला. आणि या खेपेला खिडकीपाशी पहारा! कॉर्मॅकला म्हटलं, "याला हात लावलास तर त्या सांगाड्याशेजारी तुला उभा करीन." त्यानं चेटकीण उचलली, बटण बंद केलं, आणि सोफ्यामागे ठेवली. मग हळूच म्हणाला, "ओर्ला, तुझ्या आईला माझा सगळा पसारा आवडायचा गं. गेल्या वर्षी तिनं त्या किंचाळणाऱ्या बाईवर सात वेळा पाय दिला. मुद्दाम." मला हसू आलं, आणि मग नको ते आलं. तो आपला शेजारी उभा राहिला, हातात वायर घेऊन.

दुपारी तीनच्या सुमाराला मी मनुकांचा पाव भट्टीतून काढायला आत गेले. पाच मिनिटं! अंगठी घातली होती त्यात, दर वर्षी घालतो, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं लग्न, आणि मला धास्ती की कीवाच्या घशात अडकेल, म्हणून मी अंगठी कागदात गुंडाळली, कागद फडक्यात गुंडाळला, ते लिंबाएवढं झालं… तर त्या पाच मिनिटांत खिडकी रिकामी!

आता मात्र मी सुटले. "कॉर्मॅक!" शपथा घेतो! "फिलोमीना!" त्या पातेल्यांची झाकणं उघडून दाखवतायत, "बघ, बघ, गाजरं आहेत!" मी सोफ्याखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यात बघितलं, फुगणाऱ्या भुताच्या पोटात हात घातला. बाहेर उजेड उतरायला लागला. घड्याळं नुकतीच मागे केलेली, पाचलाच अंधार. गल्लीत पोरं निघाली, कुणी चादर, कुणी चेटकीण, धूर सुरू, घुर्र सुरू, पायपुसण्याची बाई किंचाळतेय, आणि गुरुवारची ती बस यायची वेळ! हो, गुरुवारच होता. एवढा वेळ सांगितलं नाही मी, पण गुरुवार होता. मी दारात उभी, आणि बस आली, थांबली, कुणी उतरलं नाही, गेली. आणि बस गेल्यावर मला पलीकडचं दिसलं.

डिम्फनाच्या खिडकीत. पांढऱ्या पडद्यांच्या मधोमध. पिवळे डोळे दोन, नाक तिरकं… दात एक, खाली डावीकडे!

तुम्हाला सांगते, मी अंगावर ॲप्रन, हातात पाव कापायची सुरी, अशी रस्ता ओलांडून गेले. तीन पोरं मला बघून पळाली. एकजण म्हणाला, "हिचा वेष एक नंबर!" दार लोटलेलंच होतं. आत शिरले, "डिम्फना! माझं सलगम! एवढे पांढरे भोपळे आहेत तुमच्याकडे, आणि माझ्या आईचं…"

आणि थबकले. स्वयंपाकघरात कीवा बसलेली, पाय हलवत, तोंडाला बिस्किटाचा चुरा. मागच्या दाराशी एक खुर्ची, रिकामी. खुर्चीपुढे चहा. शेजारी साखरेचे तीन खडे. आणि सगळ्या घरात, त्या मासिकातल्या घरात, करपलेल्या झाकणाचा वास!

"मी आणलं," कीवा म्हणाली. "आजी पहिल्यांदा इथेच येते ना! तू आपलं तिकडेच ठेवत होतीस. मग ती शोधत बसली असती."

मी डिम्फनाकडे बघितलं. म्हटलं, "पोर आहे हो. आई चुकून येत होती ना इथे, तेच तिच्या डोक्यात…"

डिम्फना गळ्यातल्या रुमालाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ओर्ला, पहिल्या गुरुवारी चुकली होती ती."

"आणि मग?"

"मग नाही चुकली."

त्यांनी ड्रॉवर उघडला. आतून एक सिगारेटचं पाकीट काढलं, चुरगळलेलं, त्यात तीन उरलेल्या. आणि पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी!

"तू शपथ घातली होतीस ना तिला, सोडायची. म्हणायची, 'ओर्लाकडे गेलं की पहिल्यांदा मफलर काढते, मग नाडी बघते, मग पायऱ्या चढू नको, मग वाऱ्याला बसू नको. पोर जीव टाकते माझ्यावर, डिम्फना, पण तिच्या काळजीत शिरायच्या आधी मला दोन झुरके लागतात.' या खुर्चीत बसायची, मागचं दार उघडं टाकून. आणि बोलायची ती तुझंच. चाळीस मिनिटं तुझंच. मला तर, खरं सांगू… आठवड्यात तेवढाच आवाज असायचा घरात."

अहो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं मी तिला! तिनं ती सगळी ओळ वाचली, छापखान्याचं नावसुद्धा वाचलं, आणि माझ्याकडे बघून एक अक्षर बोलली नाही! पुदिन्याच्या गोळ्या! सहा वर्षं मी समजत होते, पचनासाठी!

डिम्फनांनी त्या तीनमधली एक काढली आणि चहाच्या बशीवर आडवी ठेवली. न पेटवता. माझ्या तोंडातून निघालंच, "ते मागचं दार तरी उघडा हो… धूर कोंडतो."

त्यांनी उघडलं. मी सुरी खाली ठेवली, कीवाला मांडीवर घेतलं, त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. पुढच्या उघड्या दारातून, रस्त्यापलीकडे, आमचं घर, जांभळं, धुरकट, गुलाबी नखांचं. दारात कॉर्मॅक उभा, मान लांब करून मला शोधतोय, आणि मागे सासूबाई गाजरांचं पातेलं घेऊन. सलगमातली मेणबत्ती फडफडली. वारा असेल. मागचं दार उघडं होतं ना.

आणि मी वेडी महिनाभर कपाळ बडवतेय, आई घर ओळखणार कसं, आई घर ओळखणार कसं… ओळखत होती हो! पक्कं ओळखत होती. म्हणून तर दर गुरुवारी चुकायची!